सिसिलीची शरद सहल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिसिली हे भूमध्य समुद्रातलं सर्वांत मोठं बेट. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत आम्ही तिथे लहान गट घेऊन जातो. गटात चौदापेक्षा जास्त माणसं घेत नाही, कारण त्याहून मोठा घोळका बाजाराच्या बोळात शिरला की विकणाऱ्यांचीही अडचण होते आणि बघणाऱ्यांचीही. फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लोक जे विचारतात त्याची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. जेवणाचे प्रश्न सगळ्यांत जास्त येतात, म्हणून त्यांना जागाही जास्त दिली आहे.

इटली म्हटलं की रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस. ते सोडून सिसिली का?

ती तीन शहरं बघाच, पण तो वेगळा प्रवास आहे. सिसिलीवर ग्रीक आले, कार्थेजवाले आले, रोमन आले, बायझंटाइन आले. इ.स. ८२७ मध्ये अरब उतरले, अकराव्या शतकात नॉर्मन आले आणि पुढे कित्येक शतकं स्पेनची सत्ता होती. प्रत्येकाने आधीच्याचं थोडं पुसलं आणि बरंच ठेवून दिलं. हे वाचून कळतं, पण तिथे ते हाताला लागतं.

सिराक्यूजचं कॅथेड्रल घ्या. बाहेरून दिसतो तो अठराव्या शतकातला बरोक दर्शनी भाग. आत जाऊन डावीकडच्या भिंतीजवळ उभं राहिलं की भिंतीतून बाहेर आलेले जाडजूड डोरिक खांब दिसतात. ते इ.स.पूर्व पाचव्या शतकातल्या अथेना देवीच्या मंदिराचे. खांबांमधली जागा दगडांनी बुजवून मंदिराचं चर्च केलं, अरबांच्या काळात तिथे मशीद होती, नंतर पुन्हा चर्च झालं. १६९३च्या भूकंपात पुढचा भाग कोसळला तेव्हा नवा दर्शनी भाग चढवला. खांब मात्र अडीच हजार वर्षं तिथेच आहेत, त्यांवर हात ठेवता येतो. आमच्या सहलीत या एका इमारतीला आम्ही सबंध सकाळ देतो.

स्वयंपाकघरातही हेच आहे. लिंबूवर्गीय फळांच्या बागा, ऊस, पाणी साठवून पाटाने शेतात खेळवण्याची पद्धत हे अरबांकडून आलं. टोमॅटो, कोको आणि निवडुंग स्पॅनिशांमार्फत अमेरिकेतून आले. ताटातल्या पदार्थावरून बेटाचा इतिहास सांगता येतो, आणि या सहलीची आखणी आम्ही याच धाग्याने केली आहे.

उन्हाळ्याच्या सुटीत का नेत नाही? मुलांना तेव्हा सुटी असते.

मे महिना वाईट नाही, पण जुलै-ऑगस्टमध्ये तिथे चाळिशीचा पारा असतो, समुद्रकिनारे ओसंडून वाहतात आणि ऑगस्टच्या मध्यावर निम्मं शहर रजेवर गेलेलं असतं. आम्हाला बेट कामात असताना बघायचं असतं, आणि ते कामात असतं शरद ऋतूत.

सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर एटना ज्वालामुखीच्या उतारांवर द्राक्षतोडणी चालते. तिथली नेरेल्लो मास्कालेझे ही जात उंचावर वाढते, उशिरा पिकते आणि म्हणून बेटावरच्या इतर द्राक्षांनंतर तोडली जाते. ऑक्टोबरपासून ऑलिव्ह झाडायला सुरुवात होते. एटनाच्या जंगलात चेस्टनट आणि अळंबी निघतात. झाफेराना एत्नेआ या डोंगरातल्या गावात ऑक्टोबरच्या रविवारी मोठा बाजार भरतो, त्याला ‘ओत्तोब्राता’ म्हणतात. मध, चेस्टनट, अळंबी, नवी वाइन, सगळं गावाच्या रस्त्यावर मांडलेलं असतं. एखादा रविवार आम्ही त्यासाठीच राखून ठेवतो.

शरदातलं माझं सर्वांत आवडतं फळ म्हणजे निवडुंगाची बोंडं. त्यामागची युक्ती ऐकण्यासारखी आहे. निवडुंगाला पहिला बहर येतो तेव्हा, जूनच्या सुमारास, शेतकरी फुलं आणि कोवळी बोंडं मुद्दाम पाडून टाकतात. झाड पुन्हा फुलतं, आणि त्या दुसऱ्या बहराची फळं ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिकतात. ती मोठी असतात, जास्त रसाळ असतात आणि त्यांत बिया कमी असतात. बाजारात विक्रेता हातमोजा घालून दोन टोकं कापतो, मध्ये एक चीर देतो आणि साल गुंडाळून बाजूला करतो. आतला गर लाल, केशरी किंवा पांढरा असतो. फळाला स्वतः हात लावू नका, त्यावरचे बारीक काटे डोळ्यांना दिसत नाहीत आणि दिवसभर टोचत राहतात.

ब्रोंते गावच्या पिस्त्याबद्दल बरेच जण विचारतात. लाव्हाच्या खडकात वाढणाऱ्या त्या झाडांची तोडणी दोन वर्षांतून एकदा, विषम आकडी वर्षी होते, आणि तीही ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. त्यामुळे तोडणी आपल्याला दिसत नाही, त्या वर्षी नवा पिस्ता मात्र मिळतो.

हवा कशी असते?

ऑक्टोबरमध्ये दिवसा २२ ते २५ अंशांच्या आसपास, रात्री थोडा गारवा. अधूनमधून जोरदार सर येते. आफ्रिकेकडून सिरोको वारा सुटला तर एखादा दिवस एकदम गरम आणि धुळकट होतो. नोव्हेंबर लागला की पाऊस वाढतो. एक हलका स्वेटर, एक पावसाळी जाकीट आणि एटनासाठी जाड कपडे लागतात, कारण वर खालच्यापेक्षा पंधरा अंशांनीही गार असू शकतं. समुद्राचं पाणी ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पोहण्याजोगं उबदार असतं.

कार्यक्रम थोडक्यात सांगा.

पालेर्मोपासून सुरुवात. तिथून पश्चिमेला त्रापानी आणि मार्सालाची मिठागरं. मग दक्षिण किनाऱ्याने अग्रिजेंतोची ग्रीक मंदिरं. वाटेत पियात्सा आर्मेरिनाजवळची रोमन हवेली. मग आग्नेयेला सिराक्यूज, नोतो आणि मोदिका. शेवटी एटना आणि कातानिया, आणि तिथूनच परतीचं विमान. मुक्कामाची ठिकाणं चारच आहेत. रोज बॅग भरायला लावणारी सहल आम्ही करत नाही.

रोमन हवेलीत चौथ्या शतकातली मोझेकची, म्हणजे रंगीत दगडी तुकड्यांच्या चित्रांची जमीन आहे, तिच्यात शिकारीचा एक लांबलचक पट आहे. जगभरचे प्राणी पकडून रोमकडे नेताना दाखवले आहेत. त्या पटाच्या एका टोकाला हत्ती आणि वाघ यांच्या सोबत बसलेली एक स्त्री आहे. काही अभ्यासक तिला भारताचं प्रतीक मानतात. आपल्या लोकांनी तिथे जरा जास्त वेळ थांबावं असं मला मनापासून वाटतं.

पालेर्मोत इतके दिवस कशाला? इंटरनेटवर तर शहर अस्वच्छ आहे असं वाचलं.

काही भाग अस्वच्छ आहेत हे खरं आहे. तरीही पालेर्मोला वेळ न देता परतलात तर सिसिली बघितली असं म्हणता येणार नाही.

राजवाड्यातलं कापेल्ला पालातिना हे छोटं चर्च नॉर्मन राजा दुसरा रॉजर याने बांधवलं, ११४० मध्ये त्याचं पूजन झालं. भिंतींवर बायझंटाइन पद्धतीचं सोनेरी मोझेक, वर लाकडी छत, आणि ते छत मुस्लिम कारागिरांचं. मधाच्या पोळ्यासारखे खळगे असलेल्या त्या छतावर वादक, शिकारी, बुद्धिबळ खेळणारे, प्याले हातात घेतलेले दरबारी रंगवले आहेत. ख्रिस्ती राजाच्या खासगी प्रार्थनागृहात हे सगळं डोक्यावर. याच रॉजरच्या दरबारात अल-इद्रीसी या भूगोलतज्ज्ञाने त्या काळच्या जगाचा नकाशा तयार केला, ११५४ मध्ये. छत उंच आहे, चित्रं बारीक आहेत, तेव्हा छोटी दुर्बीण जरूर आणा. आमच्याकडे दोन असतात, पण त्या हातोहात फिरतात.

मोनरेआलेचं कॅथेड्रल शहरापासून थोडं वर, डोंगराच्या कुशीत आहे. पालेर्मो, चेफालू आणि मोनरेआलेची ही अरब-नॉर्मन स्थळं २०१५ पासून युनेस्कोच्या वारसायादीत आहेत.

एक संध्याकाळ कठपुतळ्यांची. ‘ओपेरा देई पुपी’ या खेळात शार्लमेन राजाच्या सरदारांच्या लढाया असतात. ओर्लांदो, रिनाल्दो आणि त्या दोघांना वेड लावणारी आंजेलिका. पितळी चिलखतं घातलेल्या लाकडी बाहुल्या लोखंडी सळ्यांनी हलवतात, चालवणारा लाकडी जमिनीवर पाय आपटून लढाईचा ताल देतो. पालेर्मोच्या बाहुल्या लहान आणि चपळ, त्यांचे गुडघे वाकतात. कातानियाच्या मोठ्या, जड, आणि त्यांचे पाय ताठ. भाषा कळली नाही तरी काही अडत नाही.

आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत. उपाशी राहावं लागेल का?

अजिबात नाही. पण नीट समजून घ्या, कारण इथे दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. सिसिलीचा रोजचा स्वयंपाक भाजी, कडधान्य आणि पिठावर उभा आहे. आणि त्याच स्वयंपाकात अँचोव्ही नावाचा छोटा खारवलेला मासा, डुकराची चरबी आणि प्राणिजन्य रेनेट (चीज गोठवायचं विरजण) कुठेही लपलेलं असू शकतं.

आधी बिनधोक पदार्थ. पानेल्ले तर आपल्या माणसांना घरचंच वाटतं. हरभऱ्याच्या डाळीचं पीठ पाण्यात शिजवायचं, मीठ आणि पार्सली घालायची, घट्ट झालं की थापायचं, कापायचं आणि तळायचं. थापीव पिठल्याच्या वड्या तळल्या तर जे होईल तेच. तीळ लावलेल्या पावात घालून, वर लिंबू पिळून देतात. पालेर्मोच्या बाल्लारो बाजारात कढईसमोर उभं राहून खायचं, हात पुसायला कागद मागून घ्यायचा. सोबत बटाट्याचे ‘काझिल्ली’ असतात. त्याच तेलात मासेही तळतात का, हे मात्र विचारून घ्यावं लागतं, आणि ते आम्ही विचारतो.

कापोनाता ही वांग्याची आंबटगोड भाजी. तळलेलं वांगं, सेलरी, ऑलिव्ह, केपर (एका झुडपाच्या मुरवलेल्या कळ्या), टोमॅटो, व्हिनेगर, साखर. ती गरम वाढत नाहीत, मुरल्यावर खातात, दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागते. कातानियाचा ‘पास्ता आल्ला नोर्मा’ टोमॅटोच्या रसात, तळलेल्या वांग्याचा, वर तुळशीच्या कुळातलं बेझिल आणि खारवलेला सुका रिकोता. वाळवलेल्या बाकल्याचं दाट सूप असतं, ‘माक्कू’, त्यात रानबडीशेप. आणि हे लक्षात ठेवा, की दक्षिणेतला सुका पास्ता रवाळ गव्हाचं पीठ आणि पाणी एवढ्यावरच होतो, त्यात अंडं नसतं. ताज्या पास्त्याला मात्र विचारावं.

आता सावध राहायच्या जागा. पालेर्मोचा जाड पिझ्झा ‘स्फिंचोने’ दिसतो शाकाहारी, पण त्यात बहुधा अँचोव्ही असते. भाजलेल्या पावाचा चुरा घातलेल्या पास्त्यातही तीच. तळलेला भाताचा गोळा, ज्याला पालेर्मोत आरांचिना आणि कातानियात आरांचिनो म्हणतात, त्याच्या ‘लोण्याच्या’ प्रकारात हॅम असतं, म्हणून पालकाचा किंवा वांग्याचा घ्यायचा. कान्नोली या रिकोता भरलेल्या मिठाईचं कुरकुरीत कवच परंपरेने डुकराच्या चरबीत करतात. आता बरेच हलवाई तेल किंवा लोणी वापरतात, आणि आम्ही ज्या दुकानांत नेतो तिथे आधी खात्री केलेली असते. बदामाचे मार्झिपान, बदामाचं ग्रानिता आणि मोदिकाचं चॉकलेट यांना काळजी नाही.

चीज हा नाजूक विषय. सिसिलीतलं बहुतेक चीज कोकराच्या किंवा वासराच्या जठरातून काढलेल्या रेनेटने गोठवतात. रिकोता त्या चीजच्या निवळीपासून होतो. तुम्हाला हे चालत नसेल तर नोंदणीच्या वेळीच लिहून द्या, म्हणजे तुमच्या ताटात चीज येणार नाही. आयत्या वेळी सांगितलं तर स्वयंपाकघराची पंचाईत होते.

एकटे बाहेर पडलात तर एवढं पाठ असू द्या : ‘सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे, सेन्त्सा आच्चूगे’. मांस नको, मासे नको, अँचोव्ही नको. तिसरं वेगळं सांगावंच लागतं.

कांदा-लसूण आणि कंद न खाणाऱ्यांचं काय?

जैन प्रवाशांना आम्ही घेतो, पण स्पष्ट सांगून. पास्ता, टोमॅटो, बेझिल, ऑलिव्ह तेल, पालक, फळं, बदाम, पाव यांवर दिवस निघतात. पास्त्यावरचा रस मात्र बहुतेक ठिकाणी सकाळीच करून ठेवलेला असतो आणि त्यात कांदा किंवा लसूण असतो, म्हणून आम्ही आदल्या दिवशी कळवून वेगळा करून घेतो. बाजारातलं चटकमटक बरंचसं सोडावं लागेल. खाखरे, मेतकूट, दशम्या सोबत आणा. इतरांना उपवासाच्या दिवशी फळं, दही, बदाम आणि उकडलेले बटाटे मिळतात. साबुदाण्याची सोय होणार नाही.

आम्ही मासेखाऊ मालवणचे. आमच्यासाठी काय?

मग तुमची चंगळ आहे. कातानियाचा मासळीबाजार सकाळी आठ-नऊला बघायचा. शरदात ‘लांपूगा’ नावाचा सोनेरी-हिरवा मासा येतो. तो धरायची पद्धत बघण्यासारखी आहे. पाण्यावर ताडाच्या झावळ्या बांधलेले तराफे सोडतात, त्यांच्या सावलीला मासे जमतात आणि कोळी भोवती जाळं टाकतात. सार्डिनचा पास्ता रानबडीशेप, बेदाणे आणि पाइनच्या बियांबरोबर करतात. गोडसर मासा ऐकून काही जण बिचकतात, पण एकदा खाऊन बघा.

त्रापानीत कुसकुस माशांच्या रश्शाबरोबर खातात. गव्हाचा रवा मोठ्या मातीच्या परातीत पाण्याचा हबका मारत बोटांनी फिरवून कण तयार करतात, मग मातीच्या भांड्यात वाफवतात आणि भांड्यांच्या सांध्याला कणकेचा पट्टा लावून वाफ कोंडतात. एका घरगुती खानावळीत हे शिकायला आपण दुपारभर बसतो. शाकाहारी मंडळींसाठी तिथे भाज्यांचा रस्सा असतो.

रात्रीचं जेवण किती वाजता?

खानावळी आठच्या आधी क्वचितच उघडतात. साडेसातला जेवायची सवय असलेल्या आजी-आजोबांसाठी आम्ही संध्याकाळी काहीतरी पोटभरीचं देतो. दुपारी एक ते चार बरीच दुकानं बंद असतात, ती वेळ विश्रांतीची. बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी एक-दोन युरो लावतात, ती पाव आणि टेबलाची आकारणी, फसवणूक नव्हे. बक्षिसी बंधनकारक नाही.

ऑलिव्हच्या घाण्यावर नेता म्हणजे नेमकं काय दाखवता?

चालू घाणा दाखवतो, संध्याकाळचा. दिवसभर झाडलेली फळं त्याच वेळी येतात. झाडांखाली जाळ्या पसरलेल्या असतात, लांब दांड्याच्या कंगव्यांनी फांद्या विंचरून फळं पाडतात, आणि मग पेट्यांनी भरलेल्या तीनचाकी आपे घाण्याच्या दारात रांगेत उभ्या राहतात. हो, तीच पियाज्जिओची आपे, जी बारामतीच्या कारखान्यात तयार होते. आपल्या गटातले लोक ती बघून हमखास फोटो काढतात.

फळं वजनकाट्यावर जातात. प्रत्येक शेतकऱ्याच्या पेट्या वेगळ्या ठेवतात, कारण ज्याला-त्याला स्वतःच्याच झाडांचं तेल न्यायचं असतं. पंख्याच्या झोताने पाला उडतो, फळं धुतली जातात आणि बियांसकट भरडली जातात. हिरवट-जांभळा लगदा बंद कुंडात संथपणे ढवळत राहतो. तापमान २७ अंशांच्या वर जाऊ देत नाहीत, नाही तर वास उडतो. मग सेंट्रिफ्यूज फिरतं, आणि तोटीतून दाट, गढूळ, पोपटी धार सुरू होते. ज्याची फळं असतात तो शेतकरी त्या धारेजवळून हलत नाही. भरडल्या जाणाऱ्या फळांचा वास ताज्या कापलेल्या गवतासारखा असतो आणि तो कपड्यांना बसतो.

तेल तिथेच गरम पावावर ओतून देतात. पहिल्या घासाला ठसका लागतो. घशात मिरीसारखं चरचरतं, आणि नवख्याला वाटतं तेल बिघडलं आहे. उलट आहे, ताज्या चांगल्या तेलाची ती खूण. आपण दुकानातून आणतो ते तेल इतकं जुनं झालेलं असतं की ती चरचर आपल्याला ठाऊकच नसते. शेतकऱ्याच्या घरी मग ‘पानी कुन्झातू’ होतो : गरम पाव उभा चिरून त्यात तेल, टोमॅटो, ओरेगानो, मीठ. अँचोव्ही आणि चीज ज्याला हवं त्याने घालावं. माझ्या मते सबंध सहलीतलं सर्वांत चांगलं जेवण हे आहे, आणि त्याला चार-पाच जिन्नसच लागतात.

एटना ज्वालामुखी जागा आहे ना? जून २०२५चे व्हिडिओ बघून भीती वाटते.

जागा आहे, युरोपातला सर्वांत सक्रिय. २ जून २०२५ रोजी शिखराजवळच्या विवराचा भाग ढासळून राखेचा प्रचंड लोट उसळला आणि वर गेलेले पर्यटक पळत उतरताना सगळ्यांनी पाहिले. त्यामुळे आमचा नियम साधा आहे : अधिकृत परवानगी असेल तेवढ्याच उंचीवर, परवानाधारक पर्वत-मार्गदर्शकाबरोबर. नेहमीचा टप्पा म्हणजे १,९०० मीटरवरची सिल्वेस्त्री विवरं, जी १८९२च्या उद्रेकात तयार झाली. तिथपर्यंत बस जाते. पुढे रोपवे २,५०० मीटरपर्यंत नेतो, वारा असला की तो बंद. वर जाता आलं नाही तर तो वेळ द्राक्षमळ्यात जातो आणि त्यात नुकसान काही नाही. काळ्या लाव्हाच्या दगडांचे बांध, त्यांत झुडपासारख्या वाढवलेल्या जुन्या वेली, आणि ‘पाल्मेन्तो’ नावाच्या दगडी इमारती, जिथे पूर्वी पायांनी द्राक्षं तुडवत. राख उडाली तर कातानियाचा विमानतळ काही तास बंद होतो. म्हणून परतीच्या दिवशी आम्ही दुसरं काही ठेवत नाही.

आम्ही वाइन पीत नाही.

काहीच अडचण नाही. मळ्यावर द्राक्षाचा ताजा रस मिळतो, आणि तोडणी बघायला प्यायलाच हवं असं नाही.

माफियाची भीती?

प्रवाशाला नाही. चित्रपटांनी माफियाला जे वलय दिलं ते तिथल्या लोकांना दुखावतं, हे मात्र सांगायला हवं. पालेर्मोच्या विमानतळाला जोवान्नी फाल्कोने आणि पाओलो बोर्सेल्लिनो या दोन न्यायाधीशांचं नाव आहे. १९९२ मध्ये दोन महिन्यांच्या आत दोघांनाही बॉम्बस्फोटात मारलं, कारण त्यांनी माफियाला खटल्यात उभं केलं होतं. त्यानंतर शहर बदललं. २००४ मध्ये काही तरुणांनी ‘अद्दियोपित्सो’ ही चळवळ सुरू केली, आणि खंडणी द्यायला नकार देणाऱ्या दुकानांची यादीच प्रसिद्ध केली. त्या दुकानांच्या दारावर तसा स्टिकर असतो, आणि खरेदी शक्यतो तिथेच करावी असा आमचा आग्रह असतो. माफियाकडून जप्त केलेल्या जमिनीवर सहकारी संस्था गहू, द्राक्षं, कडधान्यं पिकवतात, त्यांचा पास्ताही विकत मिळतो. कृपा करून माफियाचं चित्र असलेले टी-शर्ट आणि फ्रिजवरची चुंबकं घेऊ नका.

आईला घेऊन यायचं आहे. वय बहात्तर, गुडघे दुखतात.

आणा, पण आधी फोनवर बोलू. रोज साधारण चार-पाच किलोमीटर चालणं होतं, तेही दगडी फरसबंदीवर. अग्रिजेंतोत वरच्या टोकाला उतरून उताराने चालता येतं, आम्ही तसंच करतो. नोतो आणि मोदिकात पायऱ्या आहेत. काठी आणि चांगल्या तळव्याचे बूट हवेत, चपला नकोत. मुक्कामाच्या ठिकाणी लिफ्ट आहे. आणखी एक : घरात कोणाला जी-सिक्स-पी-डी या एन्झाइमची कमतरता असेल तर आधी सांगा, बाकला त्यांना चालत नाही आणि तिथे तो सहज ताटात येतो.

नोव्हेंबरच्या सुरुवातीच्या गटात वेगळं काय?

२ नोव्हेंबर हा तिथे मृतांचा दिवस. घरातली गेलेली माणसं त्या रात्री येतात आणि मुलांसाठी खेळणी, गोडधोड ठेवून जातात, अशी श्रद्धा आहे. सकाळी मुलं घरभर शोधत फिरतात. मग सगळं कुटुंब शेवंतीची फुलं घेऊन दफनभूमीत जातं. हलवायांच्या दुकानांत बदामाच्या गोळ्यातून घडवलेली, रंगवलेली फळं येतात. ‘फ्रुत्ता मार्तोराना’ हे नाव पालेर्मोतल्या मार्तोराना मठावरून पडलं, तिथल्या जोगिणी ती करत. अंजिराला पडलेली चीर, निवडुंगाच्या बोंडावरचे ठिपके, पेरूएवढ्या पेअरवरचा डाग, सगळं हाताने रंगवतात. साखरेच्या बाहुल्याही असतात, सरदार आणि नर्तकी. दफनभूमीत आपण कॅमेरे बाहेर काढत नाही. या गटात पावसाची शक्यता जास्त, हे लक्षात घेऊन निवडा.

दिवाळी चुकेल का?

तारखा पंचांग बघूनच ठरतात. नवरात्र किंवा लक्ष्मीपूजन येईल असा गट आम्ही काढत नाही. त्यामुळे काही वर्षी ऑक्टोबरचा एकच गट होतो.

व्हिसा आणि विमान?

शेंगेन व्हिसा, इटलीसाठी. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो, पण प्रत्यक्षात अडीच-तीन महिने आधी करा. उन्हाळा संपता संपता बोटांच्या ठशांसाठी वेळ मिळणं अवघड जातं. प्रौढांना शुल्क ९० युरो, वर व्हिसा केंद्राचा आकार. ३० हजार युरोंचं संरक्षण देणारा प्रवासविमा बंधनकारक आहे. कागद आम्ही तपासून देतो, निर्णय वकिलातीचा. मुंबईहून सिसिलीला थेट विमान नाही, मध्ये एकदा बदलावं लागतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं मागे जातात, तेव्हा आपल्यातला आणि त्यांच्यातला फरक साडेतीनवरून साडेचार तासांवर येतो. घरी फोन करताना लक्षात ठेवा.

दरात काय येतं? रोख किती न्यावी?

मुक्काम, बस, प्रवेशिका, स्थानिक मार्गदर्शक, न्याहारी आणि पत्रकात लिहिलेली जेवणं येतात. विमानभाडं, व्हिसा, विमा आणि हॉटेलात माणशी द्यावा लागणारा नगरकर येत नाही. परदेश सहलीवरचा टीसीएस (आगाऊ वसूल होणारा प्राप्तिकर) नियमानुसार घेतला जातो, विवरणपत्र भरताना तो वळता करता येतो. कार्ड जवळजवळ सगळीकडे चालतं, बाजारातल्या गाड्यांसाठी सुटे युरो ठेवा.

ताओर्मिनाला मुक्काम आणि लिपारी बेटं का नाहीत?

ताओर्मिना सुंदर आहे, पण गर्दीने आणि दराने दमवते. तिथलं प्राचीन नाट्यगृह बघायला अर्धा दिवस देतो, तेवढा पुरतो. लिपारीच्या बोटी शरदात समुद्र खवळला की रद्द होतात, आणि एका रद्द बोटीपायी पुढचे दोन दिवस बिघडतात.

येताना काय आणावं?

नवं तेल पत्र्याच्या डब्यात, चेक-इन बॅगेत. काच नको. डब्यावर तोडणीचं वर्ष बघा. मिठात मुरवलेले पांतेल्लेरिया बेटावरचे केपर, व्हिनेगरमधले नाहीत. त्रापानीचं मीठ. मोदिकाचं चॉकलेट तर सामानात सर्वांत सोयीचं, कारण त्यात लोणी-दूध नसतं. कोको आणि साखर कमी तापमानावर घोटतात, साखर विरघळतच नाही, म्हणून दाताखाली कण लागतात. रिकोता भरलेली कान्नोली आणू नका, तासाभरात कवच मऊ पडतं. वाइन आणायची तर सीमाशुल्काच्या नियमांत माणशी दोन लिटर बसते. घरी आल्यावर तेल अंधारात ठेवा, आणि जपून न ठेवता दोन-तीन महिन्यांत संपवा.